‘पडीक’ कोणाला म्हणता?

फोनवर नकाशा उघडा आणि ‘ठाकुरवाडी’ असं टाइप करा. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतच तुम्हाला एकाहून जास्त ठाकुरवाड्या सापडतील. ठाकूर राहतात ती ठाकुरवाडी. वेगळं नाव द्यावं असं सरकारदरबारी कुणाला वाटलं नाही. कर्जतहून पुण्याला जाताना बोरघाटात पळसदरी आणि जांबरुंगच्या पुढे रेल्वेचीही एक ठाकुरवाडी केबिन लागते, पण ते काही प्रवाशांचं स्टेशन नाही. म्हणजे आमचं नाव तुम्ही खिडकीतून वाचलं असेल, उतरला मात्र नसाल.

आता नकाशा सॅटेलाइट व्ह्यूवर न्या. उन्हाळ्यातलं चित्र असेल तर वाडीच्या वर एक तपकिरी पट्टा दिसेल. ना शेत, ना जंगल, ना घरं. हा लेख त्या तपकिरी पट्ट्याबद्दल आहे. तलाठ्यापासून सीएसआर मॅनेजरपर्यंत सगळे त्याला एकच शब्द वापरतात : पडीक.

मी इंजिनिअर आहे, नवी मुंबईत सॉफ्टवेअर लिहितो. पण माझा आजा माथेरानच्या डोंगराखालच्या एका ठाकुरवाडीत राहतो आणि मी तिथेच वाढलो. त्यामुळे हे भांडण मला दोन्ही बाजूंनी दिसतं. खरं सांगायचं तर यात मी थोडा आरोपीही आहे.

चारशे झाडं

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत आमच्या कंपनीने वृक्षारोपण ठेवलं. जागा शोधायची होती. मीच हात वर केला : आमच्या वाडीच्या वर मोठा माळ आहे, मोकळाच आहे. ‘मोकळाच’ हा शब्द माझाच. शनिवारी दोन बस भरून लोक आले. हिरवे टी-शर्ट, छातीवर झाडाचं चित्र. खड्डे आठ दिवस आधीच जेसीबीने काढून ठेवले होते, त्यामुळे आम्हाला रोप ठेवायचं, माती लोटायची आणि फोटो काढायचा एवढंच काम होतं. कडुनिंब, वड, करंज, ताम्हण. ‘सगळी देशी झाडं आहेत’ असं माइकवरून तीनदा सांगितलं गेलं.

आजा एका ऐनाखाली बसून बघत होता. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा त्याने विचारलं, “खड्डा किती खोल गेला?”

“दीड फूट.”

“अन् मग?”

“मग खडक लागला.”

“मंग खडकात काय लावता?”

मी हसून वेळ मारून नेली. त्याने खड्ड्याकाठच्या ढिगातून जेसीबीच्या दातांनी अर्धा कापलेला एक गड्डा उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. शेवळाचा होता. पहिला पाऊस पडला की आमच्याकडच्या बाया याच माळावर शेवळं काढायला येतात आणि कर्जत, नेरळच्या बाजारात नेऊन विकतात. शहरातले लोक आता त्याला ‘रानभाजी महोत्सव’ म्हणतात. ते पीक वर्षातले बरेच महिने जमिनीखाली असतं. वरून बघणाऱ्याला तिथे काहीच नसतं.

दिवसाअखेर चारशे झाडं झाली. त्यांची नोंद ठेवणारा डॅशबोर्ड मी लिहिला होता. झाडाचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, लावणाऱ्याचं नाव, फोटो. सुंदर दिसत होता. पुढच्या मेमध्ये मी घरी गेलो तेव्हा माळावर जाऊन मोजलं. तेवीस झाडं जिवंत होती, त्यातली बहुतेक करंजाची. बाकीच्यांचं काय झालं हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. मुरमात काढलेला खड्डा पावसाळ्यात बादलीसारखा भरतो, खाली कातळ असल्याने पाणी निचरत नाही, मुळं कुजतात. त्यातून वाचलेलं रोप मार्चनंतर त्याच कातळावर भाजून निघतं. आणि कडुनिंब? तो देशी आहे, पण घाटावरच्या कोरड्या मुलखात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या कोकणात त्याचं मन रमत नाही. ‘देश’ हा फार मोठा शब्द आहे, झाडाला जागा लागते.

डॅशबोर्डवर मात्र आजही चारशेच आहेत. ‘मेलं’ असा रकानाच मी ठेवला नव्हता. ‘माती’ असाही नाही.

मातीचा रकाना कुठेच नाही

मी रकाना ठेवला नाही यात नवल काहीच नाही, कारण तो कुणीच ठेवलेला नाही. आपल्या राज्यात मातीची नोंद कुठे कुठे होते ते बघा. सातबाऱ्यावर जी जमीन पेरता येत नाही ती ‘पोटखराब’. उतारावरची, नाचणी-वरी पिकवायची जमीन ‘वरकस’. दोन्ही शब्द महसूल किती मिळेल या एका प्रश्नातून आले आहेत. इंग्रजांना ज्या जमिनीतून सारा मिळत नव्हता ती त्यांच्या कागदावर ‘वेस्ट’ झाली. आपण राज्यकर्ते बदलले, रकाने तेच ठेवले. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या अ‍ॅटलासमध्ये झुडपी रान आणि उघडा खडक तर आहेतच, पण फिरती शेतीही एक वर्गवारी म्हणून आहे. म्हणजे माझ्या पणज्याने राखलेली आणि आळीपाळीने पिकवलेली जमीनसुद्धा ‘पडीक’ ठरायला लायक.

मातीला सरकारी हिशोबात एकाच ठिकाणी किंमत आहे : ती उचलून नेताना. तेव्हा ती ‘गौण खनिज’ होते आणि ब्रासमध्ये मोजली जाते. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. जागेवर असलेली माती शून्य, डंपरमध्ये असलेली माती अमुक रुपये रॉयल्टी.

जंगलाचं मोजमापही वरूनच. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या चित्रावरून वनाच्छादन मोजते. एक हेक्टरपेक्षा मोठा तुकडा आणि त्यावर झाडांच्या शेंड्यांची सावली १० टक्क्यांहून जास्त असेल तर ते वनाच्छादन, मग जमीन कुणाचीही असो आणि झाड कुठलंही असो. या व्याख्येत फार्महाउसची आमराई जंगलात जमा होऊ शकते आणि शेवळांचा माळ कशातच जमा होत नाही. मी रोज डेटावर काम करतो. जे मोजलं जात नाही ते आधी रिपोर्टमधून जातं आणि मग प्रत्यक्षातून जातं, हे मला कुणी शिकवायला नको.

नदीपासून डोंगरमाथ्यापर्यंत

आता मातीने काय फरक पडतो ते पायी चालत बघू. उल्हास नदीकाठून निघा आणि माथेरानच्या दिशेने चढा. सगळं मिळून काही तासांचं अंतर.

नदीकाठी गाळाची जमीन. तिथे भाजीचे मळे. जरा वर भाताची खाचरं : डोंगरावरून पिढ्यान् पिढ्या वाहून आलेली बारीक, चिकण, पाणी धरून ठेवणारी माती. कर्जतचं भात संशोधन केंद्र इथे आहे आणि ‘कर्जत’ नावाच्या भाताच्या जाती महाराष्ट्रभर पेरल्या जातात, त्याचं मूळ या चिकणमातीत आहे. खाचरांच्या वर आमचे माळ आणि वरकस उतार. इथे माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पावसात गवत, तेरडा, सोनकी, कवळा, शेवळं. जिथे खडकाला फट आहे आणि मुळाला वाट आहे तिथे ऐन, पळस, आवळा, मोह. त्याच्या वर कड्याखालचा तीव्र उतार. तिथे कारवी. तिची दाट जाळी नसती तर त्या कोनात माती उभी राहिली नसती. आणि सगळ्यात वर, सुमारे आठशे मीटर उंचीवर, माथेरानचा सपाट माथा : लाल जांभा. तिथे एकदम गार सावली, जांभूळ, अंजनी, हिरडा, बारमाही हिरवं रान.

पाऊस वरपासून खालपर्यंत धो धोच. तरी चार ठिकाणी चार रानं. उंची, ऊन, वारा यांचा वाटा आहेच, पण पायाखाली काय आहे याचा वाटा आपण विसरतो. डोंगर सगळा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बसाल्टचा. मात्र माथ्यावर तोच दगड लाखो वर्षं पावसात धुतला गेला. त्यातलं चुनखत, पालाश, सिलिका वाहून गेलं आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम उरलं. तो जांभा. ‘लॅटराइट’ हे त्याचं शास्त्रीय नाव १८०७ साली फ्रान्सिस बुकाननने मलबारात दिलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वीट. या लाल मातीत स्फुरद असलं तरी लोह त्याला घट्ट धरून बसतं, मुळांना सहज देत नाही. मग एवढं हिरवं रान जगतं कशावर? स्वतःवर. वरचा पालापाचोळा कुजतो, बुरशीचे धागे त्यातलं अन्न मुळांपर्यंत नेतात, मुळांतून पानात, पानातून पुन्हा जमिनीवर. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ जंगलांची हीच गोष्ट आहे : दौलत जमिनीत खोल पुरलेली नसते, ती वरच्या चार बोटांत फिरती असते. ती चार बोटं खरवडली की खाली वीट उरते.

हे फक्त आमच्याकडचं निरीक्षण नाही. पनामा, इक्वेडोर आणि कोलंबिया इथल्या तीन जंगलांत संशोधकांनी लाखो झाडांच्या जागा आणि मातीतली पोषकद्रव्यं शेजारी ठेवून पाहिली. २००७ साली त्यांनी मांडलं की तिथल्या ३६ ते ५१ टक्के वृक्षप्रजातींच्या जागा मातीतल्या पोषकद्रव्यांशी ठळकपणे जोडलेल्या आहेत. म्हणजे एकाच जंगलात, काही पावलांवर, माती बदलली की झाड बदलतं.

आणि हे झालं वरचं. खालचं जग त्याहून मोठं आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरच्या सुमारे ५९ टक्के प्रजाती मातीत राहतात. आमच्याकडचीच उदाहरणं घ्या. खंडाळ्याच्या मातीतून देवगांडुळाची एक जात १९६० साली शास्त्राला माहीत झाली. हे गांडूळ नाही, बिनपायाचा उभयचर आहे, बेडकाचा लांबचा नातलग. पावसाळ्यात रस्त्याकडेला ठाकूर-कातकरी बाया जी अळंबी विकतात, त्यातली वारुळावरची अळंबी वाळवीने जमिनीखाली सांभाळलेल्या बुरशीची असतात. वाळवी नाही तर ती अळंबी नाहीत. बटण मशरूमसारखी ती शेडमध्ये पिकवता येत नाहीत. वारूळ मोडून तिथे रोप लावलंत तर तुम्ही एक झाड वाढवलं की एक शेत बुडवलं? डॅशबोर्ड म्हणेल, एक झाड वाढवलं.

राब जाळणारे आम्ही

इथे शहरातला माणूस हमखास म्हणतो : पण तुम्ही लोकच तर जंगल जाळता. राब भाजता. उतारावर नांगरता.

हा आरोप जुना आहे. भाताची रोपं टाकायच्या जागी फांद्या, पाला, शेण, गवत पसरून उन्हाळ्यात ते भाजायचं, याला राब म्हणतात. आगीने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतो, रोप जोमाने उठतं. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष झाला की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्याचं वन कमिशन नेमावं लागलं. त्या काळापासून आम्ही जंगलाचे शत्रू आहोत. गंमत अशी की त्याच काळात मुंबईला लागणारं इमारती लाकूड आणि कोळसा याच डोंगरांतून जात होता.

तरी मी आमची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असं म्हणणार नाही. राबासाठी दरवर्षी तेच ऐन ओरबाडले तर ते खुरटतात. राबाची आग कधीकधी रानात शिरते. आणि उतारावरची नाचणी माती सांभाळते ती एका अटीवर : जमिनीला विसावा मिळाला पाहिजे. आजाच्या लहानपणी रीत अशी होती की पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग खुरासणी, आणि मग तो तुकडा काही वर्षं सोडून द्यायचा. त्यावर झुडपं यायची, पाला पडायचा, माती पुन्हा भरायची. म्हणजे जी जमीन तुम्हाला पडीक दिसते ती आमच्या हिशोबात रजेवर असते.

हा विसावा मोडला कुणी? इंग्रजांनी ठाकूर-कातकऱ्यांना जंगलात नाचणी-वरीसाठी जे तुकडे दिले त्यांना दळी म्हणतात. जमीन वनखात्याची, घाम आमचा. तुकडे ठरलेले, माणसं वाढलेली. सोडून दिलेला तुकडा ‘कसत नाही’ म्हणून हातचा जाईल ही भीती कायम. ज्याच्या डोक्यावर बेदखलीची तलवार आहे तो जमिनीला विसावा देईल का? २००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर हक्क मान्य केला आणि ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकारही दिला. पण आमच्याकडे माणसं अजून पुरावे घेऊन कचेरीच्या फेऱ्या मारतात. जमिनीवरचा हक्क हा न्यायाचा प्रश्न आहेच, तो मृदासंधारणाचाही आहे. उद्या ही जमीन आपलीच असणार आहे याची खात्री असलेला माणूसच तिला आज मोकळी सोडू शकतो.

इर्शाळवाडी

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ती ठाकूरांचीच वाडी. आधीच्या तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला. आमच्या वाडीतल्या दोन घरांचे सोयरे त्यात होते. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं.

त्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर काय फिरत होतं ते मी वाचलं. ‘झाडं तोडली म्हणून झालं.’ ‘झाडं लावा, दरडी थांबवा.’ त्याच ग्रुपवर पडलेले फोटो मात्र कुणी नीट पाहिले नाहीत. दरडीच्या तपकिरी जखमेच्या दोन्ही बाजूंना डोंगर हिरवागार होता.

उतारावरची दरड समजायला माती समजावी लागते. खाली कातळ, वर कुजलेल्या दगडाचा आणि मातीचा थर. पाऊस थरात मुरतो, कातळापाशी अडतो, दाब वाढतो, आणि मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मुळं वरचा थोडा थर शिवून ठेवतात हे खरं. पण घसरणीची पातळी मुळांच्या खाली असेल तर झाडं उभ्या उभ्या मातीसोबत खाली येतात. म्हणून कुठल्या उतारावर झाड हवं, कुठे कारवी-गवत पुरे, कुठून माणसांनी उठून खाली यायला हवं आणि कुठे चुकूनही खोदू नये, याचं उत्तर रोपवाटिकेत मिळत नाही. ते मातीची जाडी मोजून मिळतं.

रेल्वेला हे माहीत आहे. बोरघाटात दर पावसाळ्याआधी माणसं डोंगरावर चढून सैल दगड शोधतात, जाळ्या बसवतात, रात्री गस्त घालतात. कारण खालून गाड्या जातात. ठाकुरवाडी केबिनजवळच्या कड्याला जी काळजी मिळते ती ठाकुरवाडीच्या डोंगराला मिळत नाही.

आणि इर्शाळगडाच्या पायथ्याशी काय आहे? मोरबे धरण. नवी मुंबईचं पाणी. नेरूळमध्ये माझ्या भाड्याच्या खोलीत नळाला येतं ते पाणी त्याच डोंगरांच्या मातीत मुरून, पाझरून खाली आलेलं असतं. ती माती धरणात आली तर गाळ, डोंगरावर राहिली तर पाणी. नवी मुंबईकरांनो, ‘आदिवासींचे प्रश्न’ म्हणून स्क्रोल करण्याआधी ग्लासातलं पाणी कुठून आलं ते बघा.

खरा नांगर पिवळा आहे

आमचा नांगर वीतभर माती हलवतो. जेसीबी एका दुपारी डोंगराचा कोन बदलतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कर्जतभर काय चाललंय ते तिथे वीकेंडला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. ‘हिल व्ह्यू’ प्लॉट. उतार कापायचा, सपाट टप्पे करायचे, कापलेला मुरूम ओढ्याच्या बाजूला लोटायचा, मग लॉनसाठी दुसरीकडून खरवडलेली लाल माती डंपरने आणायची. म्हणजे एका बागेसाठी दोन डोंगर जातात : एक जिथे बाग केली तो, आणि एक जिथून माती आणली तो. जिथली माती आणली तिथली शेवळं, वाळवी, बुरशी, बियाणं सगळं त्या लॉनखाली गाडलं जातं. पनवेल–कर्जत नवा रेल्वेमार्ग आला की भाव अजून चढतील. जाहिरातीत मात्र ‘निसर्गाच्या कुशीत’.

यातल्या कुणाला जंगलाचा शत्रू म्हटल्याचं ऐकलंय? नाही, कारण प्लॉटभोवती दोनशे झाडं लावलेली असतात. वरून बघितलं तर हिरवंच.

आता हीच नजर कायद्यात शिरते आहे. २०२३ साली केंद्राने ग्रीन क्रेडिटचे नियम आणले. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या पद्धतीत ‘अवनत’ वनजमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडं आणि झाडामागे एक क्रेडिट असा हिशोब होता. हेक्टरी १,१०० हा आकडा बघून मला माझा डॅशबोर्ड आठवला. त्यात पण मातीचा रकाना नव्हता. पुढे नियमांवर टीका झाली, निकष बदलले, पण मुळातला प्रश्न राहिलाच : अवनत आहे हे ठरवणार कोण? ज्याने तो माळ जून ते ऑक्टोबर पाहिलाय तो, की ज्याने त्याचं मे महिन्यातलं चित्र पाहिलंय तो?

मग झाडं लावायचीच नाहीत का?

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, जणू मी वृक्षद्रोही आहे. लावा. पण आधी हाताने एक खड्डा खणा. जेसीबीने नाही, हाताने, म्हणजे खाली काय आहे ते खांद्याला कळतं. वीतभर मातीखाली कातळ लागला तर कुदळ खाली ठेवा आणि त्या जागेचा माळ म्हणून मान राखा. माळ हे अपुरं राहिलेलं जंगल नाही. जिथे तोडलेल्या ऐनाचे, सागाचे, पळसाचे खुंट आहेत तिथे रोप आणायची गरजच नाही. खुंटातून धुमारे येतात, त्यांना तीन-चार वर्षं आग आणि गुरांपासून राखा. त्याला टी-शर्ट लागत नाही, राखणदाराची मजुरी लागते, आणि ती मजुरी वाडीतल्या माणसाला मिळू शकते. फक्त सागच सागही नको. त्याच्या मोठ्या पानांवर पाऊस साठून जाड थेंबांनी खाली पडतो, आणि खालचं झुडूप जळालेलं असेल तर तो थेंब उघड्या मातीवर हातोड्यासारखा बसतो.

सरकारकडे मागणी एवढीच : ‘पडीक’ हा शब्द ग्रामसभेला विचारल्याशिवाय कुठल्याही जमिनीला लावू नका. वनहक्काचे दावे निकाली काढा. उतारावर एनए आणि बांधकामाची परवानगी देण्याआधी मातीची जाडी आणि पाण्याची वाट तपासा, आणि तो अहवाल मराठीत वाडीच्या समाजमंदिरावर लावा. लावलेली झाडं मोजू नका, तीन पावसाळ्यांनंतर उरलेली मोजा.

“म्हणजे विकास नको?” असंही कुणी विचारेल. आमच्या वाडीला रस्ता हवाय, दवाखाना हवाय, नेटवर्क हवंय. मी स्वतः इंजिनिअर झालो ते कॉलेजात जाऊन, माळावर बसून नाही. पण एक इंच माती बनायला शेकडो वर्षं लागतात आणि ती जायला एक पावसाळा पुरतो. माझ्या धंद्यात चूक झाली तर आम्ही कालची प्रत परत आणतो. डोंगराची कालची प्रत कुणाकडेच नाही.

या वर्षी कंपनीतून पुन्हा मेल आला : जुलैत वृक्षारोपण, जागा सुचवा. मी उत्तरात आमचा माळ सुचवला नाही. दोन रकाने सुचवले : ‘खड्ड्यात खडक किती फुटांवर लागला’ आणि ‘तीन वर्षांनी जिवंत आहे का’. सोबत मे महिन्यातल्या माळाचा फोटो आणि त्या तेवीस झाडांची यादी जोडली. चांगली सूचना आहे, पुढच्या तिमाहीत बघू, असं उत्तर आलं.

आजाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “त्यास्नी आखाडात नको बोलवू, ज्येष्ठात बोलव. शेवळं काढायला.”

तेव्हा हे निमंत्रण समजा. पहिला पाऊस पडला की या. टी-शर्ट नको, रोप नको, जेसीबी तर नकोच. एक पिशवी आणा. आणि वाडीतली बाई जिथे थांब म्हणेल तिथे थांबा.